गाभन शेळी देऊन घेतलेली होडी

ती होडी म्या पयल्यांदा बघितली तवा ती पालथी पडली हुती आन् तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत हुत्या.

देहूरोडच्या छावनीच्या कडंला एक बंगला हुता. त्यातला गोरा सायेब सवराज मिळाल्यावर मुलखाला निघून गेलता. मागं बंगला राखायला एक म्हातारा माळी ऱ्हायलता, कोकनातला. त्याच्याकडं मी रावेतहून गवऱ्या घालायला जायची. त्या दिशी पाटी उतरवली, कंबर सरळ केली, आन् बघते तर म्हातारा एका हातानं ते लाकडाचं धूड वर उचलतोय आन् दुसऱ्या हातानं खालची अंडी काढतोय. तोंडात दात न्हाई, पाय लटलट करतोय, आन् एका हातानं उचलतोय. माझं ध्यान अंड्यांवर न्हवतं. त्या हातावर हुतं.

म्या इचारलं, हे काय हाय. म्हनला, होडी. मी तिथंच खाली बसले.

होडी मला कशापायी पायजे हुती ते आधी सांगते. आमचं घर पवनेच्या अल्याड, रावेतला, आन् रान पल्याड. आता तिथं बारा बारा मजली इमारती झाल्यात, माझी नात म्हनती आजी तुझं रान कुठं हुतं दाव, तर मला धड बोट करता येत न्हाई. पर तवा नदीच्या दोन्ही अंगाला नुसती रानंच हुती. उन्हाळ्यात नदी गुडघाभर. लुगडं वर खोचलं की पल्याड. पर आखाडापासनं अश्विनापतूर ती दोन्ही थड्या भरून चालायची. पूल बघायचा तर दापोडीकडनं वळसा, सकाळी निघालं तर पोचायला दुपार कलायची. माझा नवरा त्या चार म्हैन्यांत पोहून जायचा. दोन वाळल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घ्यायचा, विळा कमरंला, आन् पानी कापत जायचा. होडी दिसली त्याच्या आदल्या थंडीत त्याला ताप भरला. तीन दिसांत गेला.

रान आमचं सोताचं न्हवतं. मालक पुन्याचा, आमी कूळ. पर नवा कायदा आलता, जो कसंल त्याचीच जिमीन हुनार. तलाठी पीकपान्याला यायचा, पीक बघायचा, आन् कसनाऱ्याचं नाव कागदावर चढवायचा. ज्याचं नाव चढलं, रान त्याच्याकडं जायाचं. नवरा गेल्यावर ते नाव रिकामं झालं, आन् माझ्या थोरल्या दिराचं त्याच्यावर लक्ष गेलं.

मानूस वाईट न्हवता. तापात भावाच्या उशाशी तीन दिस बसला हुता तोच. पर हिशोब त्याचा पक्का. चावडीम्होरं चार मान्सांत म्हनला, "चार म्हैनं तिचा पाय रानाला लागत न्हाई. मंग कसती कोन? नदी कसती व्हय?" मान्सं हसली. तलाठी तिथंच बसला हुता. तो हसला न्हाई, पर त्याला बी मुद्दा पटला असावा. त्यानं येवढंच सांगितलं का मी भादव्यात येनार, ज्याचं पीक उभं आन् ज्याचा हात त्या पिकात, त्याचं नाव मी लिहिनार. मंग बाई असूदे न्हाईतर बुवा.

हे मला जावंनं, त्याच दिराच्या बायकोनं, सांगितलं. थोरल्या दिराम्होरं आमी उभ्या ऱ्हायाच्या न्हाई. तो दारात आला का पदर म्होरं वढून आत जायाचं, बोलायचं झालं तर जावंच्या तोंडून न्हाईतर भिताडाकडं बघून. तशीच रीत हुती. जावंच्याच तोंडून त्यानं मला निरोप धाडला, का रान माझ्या नावावर लागूदे, वर्साला पोटापुरतं भात मी तुझ्या घरात आनून टाकीन. खोटं बोलत न्हवता, टाकलं असतं त्यानं. पर माझी पोर सा वर्सांची हुती. उद्या मी मेले तर तिनं चुलत्याच्या दारात टोपली घिऊन उभं ऱ्हायाचं, हे मला नगं हुतं.

म्या जावंला सांगितलं, त्यास्नी म्हनावं भात नगं, तुमची काहील द्या. गूळ कढवायची लोखंडाची मोठी काहील असती, तिच्यात बसून मान्सं नदी उतरायची. दोघं बांबू लावायचे तवा ती गरगर फिरत पल्याड लागायची. निरोप परत आला, का काहील गुळाला हाय, बायकास्नी हिंडवायला न्हाई.

पल्याड जाऊन ऱ्हावं तर घरी म्हस हुती. तिचं दूध रोज सकाळी चिंचवडला घालायचं, त्याच्यावरच मीठ-मिरची चालली हुती. म्हंजी सकाळी दूध घालायचं, नदी उतरायची, रान करायचं, आन् दिस बुडायच्या आत धारंला परत. रोज. हे कसं करायचं ह्याचाच इचार डोक्यात घिऊन मी गवऱ्यांची पाटी न्हेली हुती, आन् म्हातारा म्हनला, होडी.

त्यानं ती सुलटी करून दावली. तसली होडी म्या कंदी बघितली न्हवती, आन् परत बी न्हाई बघितली. म्होरं निमुळतं तोंडच न्हाई. गुरांची गव्हान असती तशी चपटी, चौकोनी. लांबी म्हनाल तर दोन मान्सं पाय पसरून बसतील येवढी. रंग निळा, तो बी निम्मा गेलेला. मधोमध बुडाला वीतभर लांबीची फट पाडलेली, आन् तिच्या भवतीनं गुडघ्यायेवढी उभी पेटी. आन् एका अंगाला काळी इंग्रजी अक्षरं. पुढं शाळंच्या मास्तरांनी ती वाचली. 'ही बाजू वर' असं लिवलं हुतं म्हनं, आन् अक्षरं खाली डोकं वर पाय.

"सायबान सोता केलान ही," माळी म्हनला. "मशिनीची खोकी येयत आगगाडीनं, त्या खोक्यांच्या फळ्या. रविवार आला की ठोकीत बसायचा. बायको बोलवायची जेवायला, तर हा आपला ठोकतोय."

म्या इचारलं, ही फट कशाला. तर शीड लावलं का त्यातनं एक फळी पान्यात सोडायची म्हनं, होडी आडवी वाहत न्हाई मंग. मला शीड-बीड काय कळलं न्हाई. येवढं कळलं का पान्यात तरंगायच्या वस्तूला ह्या सायबानं सोताच्या हातानं भोक पाडलंय.

"चालली हुती का कंदी?"

"चालली ना. दोन वरसां चालली."

म्हाताऱ्याला पैशे नगं हुते. त्याला दात न्हवतं, दूध पायजे हुतं. माझ्याकडं एक शेळी हुती, गाभन. ती दिली. वर त्याच्या कोंबड्यांचं घर मी घिऊन चालले म्हनून दोन दिस जाऊन कुडाचं खुराडं घालून दिलं, शेनानं लिंपून. शेळी देताना पोर रडली. मी न्हाई रडले. शेळीला नदी उतरता येत न्हाई.

शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून होडी गावात आनली. चावडीवरनं जावंच लागतं, दुसरी वाटच न्हाई. सगळी बसलेलीच हुती. एकजन म्हनला, वैनी, गव्हान घेतली व्हय, आता म्हस बी पान्यातच बांधा. दुसऱ्यानं वाकून बघितलं, म्हनला अरं हिला मधी भोक हाय की. आन् थोरला दीर बसल्या जागंवरनं, माझ्याकडं न बघता, गाडीवानाला म्हनला, "पानी पाव्हनं म्हनून यील, त्याला आत यायला दार नगं का?"

सगळं हसलं. गाडीवान बी हसला. मी पदराखाली हसले का न्हाई ते सांगत न्हाई. पर बोलला तो झ्याक.

आता चूक सांगते. चूक माझी आन् सुताराची, दोघांची.

आमचा सुतार म्हातारा, हाताचा चांगला. त्यानं होडी वाजवून बघितली, सांध्यांत नख घालून बघितलं. बुडाच्या फटीवर बाभळीची फळी ठोकली, ते काम फक्कड झालं. मंग म्हनला, बाकीचं सांधं सुकल्यात, कोंबड्यांखाली पडून पडून. "चाकावानी कर. डोहात बुडव. आठ दिस."

गाडीचं चाक उन्हाळ्यात सुकतं, आरं खडखड वाजाय लागत्यात. मंग चाक काढून नदीत टाकायचं, वर धोंडा ठिवायचा. लाकूड पानी पितं, फुगतं, सांधा आवळून बसतो. आमच्याकडं बारक्या पोराला बी हे ठाव असायचं. सुतारानं सांगितलं नसतं तरी म्या हेच केलं असतं. म्हनून कुनाला इचारायला बी गेले न्हाई. कोकनातला मानूस देहूरोडला बसला हुता, जलम होड्यांत गेलेला, त्याला बी न्हाई. त्याला काय इचारायचं, चाक काय आमाला ठाव न्हाई?

डोहाच्या कडंला होडी लोटली, धोंडं भरलं, बुडवली. आठ दिस रोज जाऊन बघायची. वरनं निळं निळं दिसायचं. मनात म्हनायची, पी, पोटभर पी.

नवव्या दिशी सुतार आन् मी आन् गाडीवान, तिघांनी वढली. येना. एका हातानं उचलनारी वस्तू तिघांना येना, मेल्या रेड्यावानी जड. कशीबशी काठावर घेतली, आन् म्या बुडावर हात ठिवला तर बुडाची साल हातात आली. कांद्याची निघती तशी. तिच्याखाली दुसरी साल, ती बी सुटलेली. ते लाकूड अखंड न्हवतंच. पातळ पातळ पापुद्रं येकावर येक चिटकवल्यालं. ते पानी पिऊन फुगलं, आन् सांधा आवळायच्या जागी सगळं उकललं.

सुतारानं ती साल बोटांत चुरून बघितली. मंग म्हनला, "हे लाकूड न्हाई. ह्याला लाकूड म्हननं पाप हाय." हत्यारं पिशवीत टाकली आन् गेला. त्याला लाज वाटली, मला कळत हुतं.

जेठ अर्धा सरला हुता. घरामागं म्या भाताचं रोप टाकलं हुतं, ते टाचंयेवढं वर आलतं. आखाडात लावनी झाली न्हाई तर रान पडीक, आन् रान पडीक म्हंजी भादव्यात तलाठ्याला दावायला गवत. शेळी गेली, होडी उकलली. पोरीला शेजारनीकडं सोडलं आन् देहूरोडची वाट धरली.

माळी ऐकून आधी हसला, मंग माझं तोंड बघून बसायला पोतं टाकलं.

"अगो बाय, काय केलंस ह्यां? ती काय तुज्या गाडीचा चाक हाय? पलायवूड म्हनतत त्येला. पानी त्येका दिसताच कामा नये."

म्या इचारलं, आता मेली का ती. तर न्हाई म्हनला. त्यानं सांगितलं ते मी वाटंनं तोंडपाठ करत आले. उन्हात घालायची न्हाई, सावलीत सुकवायची. सुटलेली साल काढायची, धरल्याली ऱ्हावू द्यायची. कडंला लाकडाच्या पट्ट्या ठोकून पापुद्रं दाबून टाकायचं. मंग गरम डांबर, वर जाड कापड, कापडावर परत डांबर, बुडापासनं काठापतूर, कुठं बोटभर बी उघडं सोडायचं न्हाई. तंबूचं एक फाटकं कापड बंगल्यात पडलं हुतं, ते त्यानंच दिलं. म्हनला, शेळी येली, दोन करडां झाली. त्यानं सोताहून सांगितलं. कापड त्याच्यापायी दिलं का हसल्यापायी, ते त्यालाच ठाव.

पाऊस लागला हुता. तवा होडी गोठ्यात आन् म्हस बाहेर, अंगावर पोत्याची खोळ. जाऊ बघून गेली, म्हनली, बाई, तुझं डोकं फिरलंय. म्या म्हनलं व्हय, तुझ्या घरधन्याला सांग, फिरलंय म्हनून.

डांबराला मुंबईच्या सडकंवर गेले. चिंचवडच्या म्होरं सडकंचं काम चाललं हुतं, बाया खडी वाहत हुत्या. पाच दिस खडी वाहिली. मुकादमाला पयल्याच दिशी सांगितलं, मजुरी नगं, पिंपाच्या बुडाला ऱ्हातं ते डांबर दे. तो लातूरकडचा, मोठ्यांदा बोलायचा.

"डांबर काय खातीस का काय?"

"नदीला चारते," म्या म्हनलं.

त्याला काय कळलं न्हाई, पर डांबर दिलं. दोन डबं भरून. सायंकाळी डोक्यावर डबा आन् वर पाऊस, डांबर पावसानं गार हुऊन दगड व्हायचं, जड लागायचं. पायाच्या तळव्यांना खडीनं चिरा पडल्या हुत्या, त्यात तेच डांबर भरायची. भरून येत्यात चांगल्या.

होडी वाळायला बारा दिस लागलं. तेराव्या दिशी अंगनात चूल मांडून डांबर तापवलं. सुतार न बोलवता आला. पिशवीतनं सागाच्या पट्ट्या काढल्या, मोजून मापून कापून आनल्या हुत्या. माझ्याकडं बघितलं न्हाई, बसला ठोकत. म्या डांबर लावलं, कापड वढलं, सुरकुती पडू द्यायची न्हाई म्हनून पोळी लाटताना हात फिरतो तसा भिजल्या फडक्यानं हात फिरवला. एक उकळता थेंब मनगटावर पडला. डाग हाय अजून, नातवंडं इचारत्यात. काम झाल्यावर सुताराला म्या ताक दिलं. त्यानं ताक पिलं आन् दुसरं काय घेतलं न्हाई.

निळी होडी काळी झाली. ती वल्हवायची कशी हा दुसरा सवाल. मला वल्ह्याचं काय ठाव न्हवतं आन् शिकायला येळ न्हवता. पर हिरीवर मोट वढताना बघितली हुती, दोर बळकट असला का येवढं मोठं पान्याचं ओझं सरळ वर येतं. मोटंचा जुना नाडा शेजाऱ्याकडं पडून हुता. नदी कमरंयेवढी हुती तवाच मी पान्यात उतरून तो पल्याडच्या जांभळीला बांधून आले आन् अल्याड करंजाला. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथं पात्र रुंद आन् पानी संथ. होडीत उभं ऱ्हायाचं, नाडा दोन्ही हातांनी धरायचा, आन् हात म्होरं हात म्होरं करत होडी पायानं रेटायची. बस्स. वल्हं नगं, शीड नगं.

पयल्या दिशी पोरीला शेजारनीच्या वट्यावर बसवलं आन् सांगितलं, मी पल्याड जाऊन पदर हलवीन. होडी डगमगली. चौकोनी तोंडाला पानी थापडा मारायचं. मधल्या पेटीपासनं पानी झिरपलं, तिथं डांबराच्या चिंध्या कोंबल्या. निम्म्यात गेल्यावर पायाखाली खोल हिरवं पानी दिसलं. पर हात थांबवलं न्हाईत. पल्याड उतरले, पदर हलवला, पोरीनं वट्यावरनं दोन्ही हात हलवलं. चावडीवरची दोघं-तिघं काठावर येऊन बसली हुती बघायला. मी परत आले तवा कुनी हसलं न्हाई. एकजन म्हनला, नाडा जरा वर घ्या वैनी, फांदी आडकंल.

मंग लावनी. पल्याडच्या गावातल्या एका घराशी माझी सावड ठरली. चार दिस मी त्यांच्या खाचरात लावायचं, दोन दिस त्यांचं बैल माझ्या खाचरात चिखल करनार. रोप माझं अल्याड, घरामागं. ते उपटायचं, मुठी बांधायच्या, पाटीत रचायच्या आन् होडीत घालायच्या. हिरवीगार होडी भरून चाललेली. सा दिस. एका दिशी वरनं एक ओंडका आला आन् नाड्याला आडकला, नाडा खाली दबला, होडी आडवी झाली. म्या नाडा सोडला न्हाई, पर दोन पाट्या रोप गेलं नदीत. ते रोप वाहत जाताना बघितलं आन् ऱ्हायलेलं पल्याड न्हेलं. उगवतीकडचा कोपरा इरळ लावला, दोन रोपांत हातभर अंतर. आन् नदी जवा तांबडी हुऊन घोंघावत यायची, झाडं घिऊन यायची, तवा मी गेले न्हाई. तीन दिस, चार दिस घरी बसले. नदीशी म्या कंदी हुज्जत घातली न्हाई.

बेननीला, तन काढायला बी तसंच. सकाळी दूध, मंग होडी, मंग रान, मंग धार. हाताचं कातडं नाड्यानं सोलून परत आलं, परत सोललं, परत आलं. भादव्यात भात निसवलं, लोंब्यांत दानं धरलं.

तलाठी आला त्या दिशी थोरला दीर त्याला नदीवर घिऊन आला. काहील आन् दोन गडी बी तयार ठेवलं हुतं. मी करंजाखाली पदर म्होरं वढून उभी. दीर त्याला सांगत हुता, मला ऐकू यील असं, का पल्याड जे पीक दिसतंय ते पल्याडच्या लोकांचं काम हाय, त्यांच्याच बैलांनी चिखल झालाय, बाई अल्याड गवऱ्या थापत हुती. निम्मं खरं हुतं ते. बैल त्यांचंच हुतं.

तलाठ्यानं काहील बघितली. पुन्याकडचा मानूस, इस्त्रीचं धोतर. मंग माझ्याकडं वळला.

"बाई, तुम्ही कशा जाता?"

मी करंजाखालनं म्होरं आले. होडी वढून पान्यात घातली आन् बाजूला उभी ऱ्हायले. तो बसला. आता तलाठी एकटा माझ्याबरूबर गेला तर तिथं मी काय सांगीन कुनास ठाव, म्हनून दीर बी येऊन बसला. थोरला दीर आन् मी एका होडीत, चार हातांवर. सगळा गाव काठावर. म्या त्याच्याकडं पाठ केली आन् नाडा धरला.

तीन मान्सांचा भार होडीनं कंदी घेतला न्हवता. काठ पान्याला टेकायला आला, आन् मधल्या पेटीपासनं पानी यायला लागलं. घोटा बुडला. माझं दोन्ही हात नाड्यावर. सोडलं तर तिघं डोहात. तलाठी पाय वर घेऊन बसला. दिराच्या पायाजवळ डबा हुता, पानी काढायचा. तो बघतोय, मी बघतेय, आन् आमच्या घरात आल्यापासनं मी त्या मान्साशी एक अक्षर बोलले न्हवते.

म्या मान वळवली, तोंडावरचा पदर तसाच मागं गेला, आन् त्याच्या डोळ्यांत बघून म्हनलं, "भावजी, डबा घ्या. पानी काढा."

त्यानं घेतला. काढलं पानी. पल्याड लागंपतूर काढत ऱ्हायला, धोतर मांडीपतूर भिजलं, पर थांबला न्हाई.

रानात तलाठी बांधावरनं हिंडला. लोंबी मोडून दानं दाबून बघितलं. इचारलं, बी कुठलं. म्या म्हनलं तामसाळ, माझ्या म्हायेरचं. हा कोपरा इरळ का. म्या सांगितलं ओंडक्याचं, दोन पाट्या रोपाचं. बैल कुनाचं. म्या सांगितलं त्यांचंच, आन् त्यांच्या खाचरात मी किती दिस वाकले ते बी. माझं हात बघायला मागितलं न्हाईत त्यानं, पर बघितलं. मंग दिराकडं वळला.

"आता तुम्ही सांगा. कसतं कोण?"

दिराच्या हातात डबा तसाच हुता. त्यानं भाताकडं बघितलं, नदीकडं बघितलं, आन् म्हनला, "तीच कसती. आन् सायेब, खोटं बोललो तरी मला परत हिच्याच होडीतनं जायाचंय."

तलाठी हसला. पिशवीतनं वही काढली, बांधावर उकिडवा बसला आन् लिहिलं. मला वाचता येत न्हाई म्हनून मोठ्यानं वाचून दावलं. माझं नाव आन् नवऱ्याचं, पाठोपाठ. तेवढं ऐकलं आन् मी विळा घिऊन बांधावरचं गवत कापाय बसले. म्हशीला न्ह्यायाचं हुतं.

परत येताना दोन खेपा केल्या. आधी तलाठी, मंग दीर. दुसऱ्या खेपंला होडीत आमी दोघंच आन् गवताचा भारा. पानी तितकं येत न्हवतं, तरी त्यानं डबा हातात धरला हुता. करंजाजवळ आल्यावर घसा खाकरला, आन् जावंचं नाव न घेता, भिताड न शोधता, सरळ मला म्हनला, "माझं बी दोन भारं गवत पडलंय पल्याड. उद्या."

म्या म्हनलं, "दूध घालून आले का या. पर दोन न्हाई. एका येळंला एकच भारा, आन् तुमी म्होरं बसायचं, मधी न्हाई."

तो म्हनला, बरं.